हातच्या काकणाला आरसा

हातच्या काकणाला आरसा कशाला, असे म्हणताना आपण नकळत ज्ञानाविषयीचा एक सिद्धान्तच मांडत असतो. काही गोष्टी इतक्या समोर असतात की त्या कळायला मध्ये कशाचीही गरज नसते. आरसा नको, साक्षीदार नको, युक्तिवादही नको. बाकीचे ज्ञान फिरून येते. धुरावरून विस्तव कळतो, बातमीवरून पूर कळतो, ठशांवरून जनावर कळते. काकण मात्र थेट कळते.

असे थेट, अव्यवहित ज्ञान खरोखर असते का, यावर भारतात हजार-दीड हजार वर्षे कडाक्याचा वाद झाला. युरोपातही झाला, अजून चालू आहे. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या गावी नसताना कितीदा तरी त्याच वळणावर येऊन थांबलेले दिसतात. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते पटवण्यासाठी मी पुरावा कुठे वाकवतो आहे का, यावर वाचकाला लक्ष ठेवता येईल. थेट ज्ञान होते, याविषयी मला शंका नाही. पण थेट झालेले ज्ञान एकट्याने, कशाच्याही आधाराविना उभे राहते, हे मला पटत नाही. ज्ञान कसे झाले हा एक प्रश्न आहे आणि ते कशावर टिकले हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की वाद संपत नाही.

थेट ज्ञान माणसाला हवेसे वाटते ते ‘कशावरून?’ या प्रश्नामुळे. मी एक विधान करतो, तुम्ही विचारता कशावरून. मी दुसरे विधान पुढे करतो, तुम्ही पुन्हा तेच विचारता. हे असेच चालू राहिले तर ती अनवस्था. फिरून पहिल्याच विधानावर आलो तर ते चक्र. मध्येच कुठेतरी ‘आता विचारू नका’ म्हणालो तर ती अरेरावी. अ‍ॅरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात हा पेच पाहिला आणि तोडगा काढला की, सगळेच ज्ञान सिद्ध करून मिळत नसते. सिद्धता ज्यांच्यापासून सुरू होते ती आद्य तत्त्वे कळतात ती थेटच. आपल्याकडे साधारण दुसऱ्या शतकात नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त हाच पेच प्रमाणवाद्यांच्या, म्हणजे ज्ञानाची ठराविक साधने मानणाऱ्यांच्या, गळ्यात अडकवला. तुम्ही प्रमाणांनी वस्तू सिद्ध करता, मग प्रमाणे कशाने सिद्ध करता? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्याला अंत नाही. ती आपोआप सिद्ध आहेत म्हणाल तर हीच सवलत वस्तूंना का नाही?

न्यायसूत्रांत या आक्षेपाला दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात भेदरून जाऊन एखादा अढळ पाया शोधण्याची धडपड नाही. तराजूने सोने तोलतात. पण तराजूविषयीच शंका आली तर वजन आधी ठाऊक असलेले सोने घालून तराजू तपासतात. एरवी जे मोजण्याचे साधन, तेच प्रसंगी मोजण्याचा विषय होते. सगळे तराजू एकाच वेळी संशयित ठरवले तर व्यवहारच बंद पडेल, पण असा एकही तराजू नाही की जो तपासता येत नाही. वरवर साध्या वाटणाऱ्या या उत्तरात एक खोल गोष्ट आहे. ज्ञानाला आधार लागतो म्हणून सगळ्यांच्या तळाशी एक निराधार ज्ञान असलेच पाहिजे, हे गृहीतच त्यात नाकारलेले आहे.

दीड हजारांहून अधिक वर्षांनी केंब्रिजमध्ये याच जागी वेगळ्या वाटेने एक जण आला. १९३९ साली जी. ई. मूर यांनी ब्रिटिश अकादमीपुढच्या व्याख्यानात आपले दोन्ही हात उंचावून, हा एक हात आणि हा दुसरा, असे म्हणत बाह्य जग असल्याची सिद्धता दिली. लुडविग विट्गेन्स्टाइन याच दाव्याविषयी मरणाच्या दोन दिवस आधीपर्यंत, २७ एप्रिल १९५१ पर्यंत, टिपणे करत होता. त्याचे म्हणणे असे की, धडधाकट माणसाने स्वतःच्या हाताकडे पाहून ‘हा माझा हात आहे हे मला माहीत आहे’ असे म्हणण्यात ‘माहीत आहे’ हे शब्द वायाच जातात. जिथे शंका घेणे म्हणजे काय तेच कळत नाही, तिथे जाणणे म्हणजे काय तेही कळत नाही. तो हात हे तपासाचे फळ नव्हे. ज्यावर उभे राहून आपण तपास करतो ती जागा आहे. न्यायसूत्रकारांनी हे इतके सहज मान्य केले नसते. प्रसंग आला तर हातही तपासू, असे ते म्हणाले असते.

पण हा सगळा पायाचा विचार झाला. वादाची खरी रणभूमी आहे ती प्रत्यक्ष, डोळे उघडल्यावर जे दिसते ते.

दिङ्नाग हा बौद्ध आचार्य साधारण इ. स. ४८० ते ५४० या काळातला. त्याच्या ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथाचे संस्कृत मूळ हरवले, तो तिबेटी भाषांतरांतून टिकला. त्याच्यावरच्या जिनेंद्रबुद्धीच्या संस्कृत टीकेचे पहिले, म्हणजे प्रत्यक्षावरचे, प्रकरण तिबेटात सापडलेल्या हस्तलिखितावरून २००५ साली छापून आले, तेव्हा कुठे अभ्यासकांना त्याच्या मूळ शब्दांच्या बरेच जवळ जाता आले. दिङ्नाग म्हणतो, प्रत्यक्ष म्हणजे कल्पनेचा स्पर्श नसलेले ज्ञान. कल्पना म्हणजे इथे मनोराज्य नव्हे, जोडणी. समोर पांढरी गाय चरते आहे. ‘गाय’ म्हटले की जात जोडली गेली, ‘पांढरी’ म्हटले की गुण, ‘चरते’ म्हटले की क्रिया, ‘घंटावाली’ म्हटले की दुसरे एक द्रव्य आणि ‘हरणी’ म्हणून हाक मारली की नाव. हे पाचही जोड आपण लावतो. डोळ्यांनी दिले ते या जोडांच्या आधीचे, त्या एका क्षणाचे, दुसऱ्या कशासारखेही नसलेले. त्याला तो स्वलक्षण म्हणतो. ‘ही गाय आहे’ हे ज्ञान दिङ्नागाच्या लेखी प्रत्यक्ष नाहीच, ती मनाने मागाहून केलेली जुळवाजुळव आहे.

त्याच्या काहीसे आधी भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त याच्या अगदी उलट सांगून ठेवले होते. शब्द ज्यात ओवलेला नाही असे ज्ञान जगात नाही. तान्ह्या मुलालासुद्धा काही कळते ते मागच्या जन्मीच्या शब्दसंस्कारांमुळे, इथपर्यंत तो गेला. म्हणजे एका बाजूला शब्द लागला की प्रत्यक्ष संपले म्हणणारा दिङ्नाग, आणि दुसऱ्या बाजूला शब्दाविना ज्ञान सुरूच होत नाही म्हणणारा भर्तृहरी. पुढची कित्येक शतके बाकीच्यांना या दोघांच्या मध्ये कुठेतरी जागा शोधावी लागली.

बौद्धांकडे दाखले चांगले होते. धर्मकीर्ती सांगतो, सगळीकडून मन काढून घ्या, आत काही विचार उठू देऊ नका, स्वस्थ बसा. तरीही डोळ्यांना रूप दिसतच राहते. ते पाहणे कोणत्या शब्दाने केले? आणखी एक दाखला या परंपरेत पुन्हा पुन्हा येतो. माणूस मनात घोड्याचा विचार करत चालला आहे आणि समोर गाय आहे. विचार घोड्याचा, तरी गाय दिसते आहे. मन एकाच वेळी दोन जोडण्या करत नसेल, तर गाईचे दिसणे जोडणीशिवायच झाले असले पाहिजे. हा युक्तिवाद आजही हलका नाही. रोजच्या रस्त्याने स्कूटर चालवताना आपण कुठल्यातरी विचारात असतो आणि तरी खड्डे चुकवतो, हा तोच अनुभव.

न्यायपरंपरेतला उद्द्योतकर मात्र हटला नाही. त्याचा प्रतिप्रश्न मार्मिक आहे. तुमचे प्रत्यक्ष कोणत्याच शब्दात मावत नाही, मग ‘कल्पनारहित’ हा शब्द तुम्ही कुणाला लावलात? शब्द लागला तर तुमचा सिद्धान्त गेला, नाही लागला तर तुम्ही बोललाच नाहीत. कुमारिल भट्टाने सातव्या शतकात मधला मार्ग काढला. सुरुवातीला तान्ह्या मुलाला किंवा मुक्याला होते तसे नुसते आलोचन होते, हे त्याने मान्य केले. पण कडक उन्हातून माजघरात शिरलेल्या माणसाला आधी काहीच नीट दिसत नाही, मग हळूहळू वस्तू उमटतात. नंतरचे स्पष्ट दिसणे हे पाहणे नव्हे, असे कोण म्हणेल? इंद्रिय वस्तूला लागून आहे तोवर ‘ही गाय’ हेही प्रत्यक्षच.

न्यायसूत्रातल्या प्रत्यक्षाच्या व्याख्येत एक शब्द आहे ‘अव्यपदेश्य’, शब्दात न सांगता येणारे, आणि दुसरा आहे ‘व्यवसायात्मक’, निश्चय असलेले. वाचस्पती मिश्राने आपले गुरू त्रिलोचन यांना श्रेय देत सांगितले की, हे एकाच ज्ञानाचे दोन गुण नसून प्रत्यक्षाच्या दोन जाती आहेत. पहिले निर्विकल्पक, दुसरे सविकल्पक. सूत्राचा मूळ अर्थ हाच होता का, हे मला संशयास्पद वाटते. बौद्धांशी शतकानुशतके झगडताना नैयायिकांनी त्यांचीच अर्धी गोष्ट आपल्या घरात आणून बसवली असावी. तत्त्वज्ञानात विरोधकाकडून माणूस जेवढे शिकतो तेवढे मित्राकडून शिकत नाही.

वादाचे सर्वांत सुंदर वळण येते ते चौदाव्या शतकात, मिथिलेत, गंगेशाच्या ‘तत्त्वचिंतामणी’त. ‘हा घट आहे’ या ज्ञानात घटत्व हे विशेषण लावून वस्तू कळते. पण विशेषण आधी ठाऊक नसेल तर लावणार काय? काठी म्हणजे काय हेच ज्याला कळलेले नाही, त्याला काठीवाला माणूस काठीवाला म्हणून दिसणार नाही. बरे, घटत्वाचे ते आधीचे ज्ञानही आणखी एक विशेषण लावून झाले असे धरले, तर त्या विशेषणाचे त्याच्याही आधीचे ज्ञान लागेल, आणि अनवस्था पुन्हा दारात. म्हणून कोणतेही विशेषण न लावता झालेले एक ज्ञान मानावेच लागते. ते निर्विकल्पक. आणि हे ज्ञान आपले आपल्याला कधीच जाणवत नाही, असेही गंगेशाची परंपरा, म्हणजे नव्यन्याय, सांगतो. ते होऊन गेले हे अनुमानाने ठरवावे लागते.

इथे जरा थांबावे असे मला वाटते. सर्वांत थेट ज्ञान कोणते? निर्विकल्पक. ते आहे हे कशावरून कळले? अनुमानावरून. ज्याच्या आड काहीच नाही त्याच्यापर्यंत पोचायला युक्तिवादाचा वळसा घ्यावा लागला. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननाने याचा पुढचा परिणामही स्पष्ट लिहून ठेवला. निर्विकल्पक ज्ञान खरेही नसते आणि खोटेही नसते. बरोबर आहे. शिंपल्याला चांदी म्हटले तर चुकते, कारण तिथे एका वस्तूला दुसरीचे विशेषण लागले. ज्याने विशेषणच लावले नाही तो चुकणार कसा? पण मग तो बरोबर तरी कसा ठरणार? जे चुकू शकत नाही ते खात्रीचे, म्हणून त्यावर बाकीचे ज्ञान उभारू, ही थेटज्ञानवाद्यांची जुनी आशा होती. नव्यनैयायिकांनी दाखवले की, ज्या कारणाने ते चुकू शकत नाही त्याच कारणाने ते कशाचा पुरावाही होऊ शकत नाही. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ अनेकांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. आठल्ये आणि बोडस यांनी १८९७ साली मुंबईत काढलेली त्याची सटीप आवृत्ती उघडून प्रत्यक्षाचा भाग पुन्हा वाचावा, म्हणजे दोन ओळींच्या व्याख्येमागे केवढे युद्ध झाले आहे ते ध्यानात येते.

बाहेरच्या गाईचे आणि घटाचे जाऊ द्या. माझे स्वतःचे ज्ञान तरी मला थेट कळत असेल ना? मला दिसते आहे, हे मला दिसण्याबरोबरच कळते. दिङ्नागाचे उत्तर होय असे आहे, आणि त्याने दिलेले कारण विचार करायला लावणारे आहे. काल निळे फूल पाहिले याची मला आज आठवण येते तेव्हा नुसते फूल आठवत नाही, मी ते पाहिले हेही आठवते. ज्याचा अनुभव आला नाही ते आठवत नाही. म्हणून पाहताना पाहण्याचाही अनुभव आलेला असणार. मीमांसक प्रभाकराचे अनुयायी म्हणाले, प्रत्येक ज्ञानात ज्ञेय, ज्ञाता आणि ज्ञान तिन्ही एकदम उजळतात. नैयायिकांनी मान हलवली. आधी घटाचे ज्ञान, मग मनाने त्या ज्ञानाचे ज्ञान. त्याला ते अनुव्यवसाय म्हणतात. कुमारिलाच्या परंपरेतले भाट्ट मीमांसक याही पलीकडे गेले. त्यांच्या मते आपले ज्ञान आपल्याला दिसतच नाही. घट कळला की घटावर ‘ज्ञातता’ येते, आणि तिच्यावरून आपण अनुमान करतो की मला ज्ञान झाले असले पाहिजे. स्वतःच्या मनात काय चालले आहे हेही अनुमानानेच कळते, हे ऐकून पहिल्यांदा हसू येईल. पण आपण रागावलो आहोत हे आपल्याला पुष्कळदा दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून किंवा आपल्याच चढलेल्या आवाजावरून कळते, हेही खरे आहे.

युरोपातली कथा मी थोडक्यात सांगतो. १७८५ साली फ्रीडरिश याकोबीने स्पिनोझाच्या तत्त्वज्ञानावर पत्रे छापली आणि प्रतिपादन केले की, सिद्धतांची साखळी कुठेच पोचत नाही, शेवटी थेट श्रद्धेनेच सत्य कळते. हेगेलला हे सहन होण्यासारखे नव्हते. १८०७ च्या ग्रंथात त्याने थेट ज्ञानाला एक साधी कसोटी लावली. तुझे थेट ज्ञान कागदावर लिही. ‘आत्ता रात्र आहे.’ सत्य लिहून ठेवल्याने बिघडत नाही. आता तोच कागद दुपारी वाच. ‘आत्ता’, ‘इथे’, ‘हे’ हे शब्द सगळ्याच क्षणांना, सगळ्याच जागांना लागू पडतात. अगदी या एका वस्तूला धरायला गेलो आणि हाती आले ते सर्वसामान्य. उद्द्योतकराच्या प्रश्नाची आठवण व्हावी असा हा डाव आहे. फरक एवढाच की दिङ्नागाने हे आधीच मान्य केले होते. शब्द सामान्यालाच पकडतो, स्वलक्षणाला नाही, हाच तर त्याचा सिद्धान्त. हेगेलने त्यावरून स्वलक्षणाचे ज्ञानच नाकारले.

विसाव्या शतकात बर्ट्रांड रसेल यांनी १९११ मध्ये पुन्हा थेट परिचयाचे ज्ञान आणि वर्णनाने होणारे ज्ञान असे दोन भाग केले आणि पहिल्यावर दुसऱ्याची इमारत उभारली. या इमारतीवरचा सर्वांत मोठा घाव १९५६ च्या मार्चमध्ये लंडन विद्यापीठातल्या तीन व्याख्यानांत विल्फ्रिड सेलर्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने घातला. त्याची गोष्ट टाय विकणाऱ्या दुकानदाराची आहे. दुकानात नवे विजेचे दिवे आले. दुकानदार एक टाय हिरवा म्हणून दाखवतो, मित्र म्हणतो हिरवा नाही, दोघे तो बाहेर उजेडात नेतात आणि तो निळा निघतो. असे बरेचदा झाल्यावर दुकानदार आत असताना ‘हिरवा आहे’ म्हणेनासा होतो, ‘हिरवा दिसतो’ म्हणायला लागतो. साडी घेताना दुकानाच्या दारापर्यंत जाऊन पदर उन्हात धरून पाहणाऱ्या कोणत्याही बाईला ही गोष्ट नव्याने सांगायला नको. सेलर्सचा मुद्दा असा: तत्त्वज्ञ समजत होते की ‘मला हिरवे दिसते’ हे सर्वांत थेट आणि सुरक्षित ज्ञान, आणि ‘ते हिरवे आहे’ हे त्यावर रचलेले अनुमान. प्रत्यक्षात ‘दिसते’ म्हणायला माणूस शिकतो ते नंतर. रंग कोणत्या उजेडात जसा आहे तसा दिसतो आणि कोणत्या उजेडात फसवतो, एवढे सगळे ठाऊक असल्यावरच त्याला तो सावध शब्द वापरता येतो. जे तळाचे म्हणून दाखवले ते वरच्या मजल्यावरचे निघाले.

सेलर्सचा युक्तिवाद मला पटतो, पण त्याच्यावरून ‘थेट पाहणे असे काही नसतेच’ असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. एका प्रयोगाने हे छान दिसते. १६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिनो यांनी जॉन लॉकला एक प्रश्न पाठवला होता. जन्मांध माणूस गोल आणि घन हाताने ओळखायला शिकला आहे. त्याला दृष्टी आली तर नुसते पाहून तो कोणता गोल आणि कोणता घन हे सांगू शकेल का? तीन शतके यावर वाद होत राहिला. मग पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधून उत्तर भारतातल्या जन्मतः दृष्टिहीन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर केलेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. पट्टी निघाल्यावर लवकरच या मुलांना ठोकळे दाखवले. पाहिलेला ठोकळा पाहूनच ओळखणे त्यांना चांगले जमले. हाताने चाचपलेला ठोकळा डोळ्यांनी ओळखणे मात्र जवळजवळ अंदाजपंचेच होते. काही दिवसांतच तेही जमू लागले. म्हणजे दिसणे थेट होते, त्यात दोन वस्तूंचा फरकही कळत होता. पण ‘हे ते आहे’ म्हणायला लागणारा सांधा अजून जुळायचा होता. दिङ्नाग आणि कुमारिल दोघांनाही या चाचणीत आपापला पुरावा सापडला असता.

इथवर आपण धरून चाललो की शब्द हा आडवा येणारा आहे. वेदान्त्यांनी हेच उलटून विचारले. शब्दानेच थेट ज्ञान होऊ शकते का? त्यांची गोष्ट दहाव्या माणसाची. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले आणि कोणी वाहून तर गेले नाही ना म्हणून मोजू लागले. जो तो स्वतःला सोडून मोजी, नऊच भरत. रडारड सुरू झाली. वाटेने जाणाऱ्याने सांगितले, अरे, दहावा तूच. हे ज्ञान शब्दाने झाले, पण ते ऐकीव नाही. ऐकणाऱ्याला दहावा समोर, थेट सापडला. विवरण परंपरेचे अद्वैती यावरून म्हणाले की वस्तू मुळातच जवळ असेल तर शब्दही थेट ज्ञान देतो. भामती परंपरेला हे मान्य नाही. शब्द परोक्षच ज्ञान देतो, थेट कळते ते अभ्यासाने तयार झालेल्या मनाला. वर आलेल्या वाचस्पतीनेच ‘भामती’त यासाठी दिलेला दाखला गाणाऱ्यांना आवडेल. गांधर्वशास्त्राचा अभ्यास करून कान तयार झाला की षड्जादी स्वर आणि त्यांच्या मूर्च्छना त्याला सरळ ऐकू येतात. तो श्रुती मोजून अनुमान करत नाही, ऐकतो. शिकलेले सगळे मागे असते, ऐकणे मात्र थेट असते. हेगेलनेही याकोबीला उत्तर देताना नेमके हेच सांगितले: गणितज्ञाला उत्तर क्षणात दिसते, पण त्या क्षणामागे वर्षांची तयारी असते.

ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त या वादात घेतलेली बाजू मला सर्वांत धीट वाटते. सहावे प्रकरण शब्दखंडनाचे, सातवे अज्ञानखंडनाचे. शब्द आठवण करून देतो, हे त्याचे थोरपण ते मनापासून मान्य करतात. पण जो स्वतःला कधी विसरलाच नाही त्याला आठवण कशाची द्यायची? शब्दाने घालवायचे म्हणता ते अज्ञान मुळात होते हेच ते मान्य करत नाहीत. तेव्हा दहाव्याला दहावा सांगणारा वाटसरूही अनावश्यक ठरतो. स्वयंप्रकाशाचा विचार इतक्या टोकाला नेलेला दुसरीकडे क्वचितच आढळेल.

अज्ञानाचा हा प्रश्न मराठी मुलखात नव्याने उभा राहिला तो खानदेशात. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे विचारवंत तिथे येऊन राहिले. तिथल्या घ. रा. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचे ‘अज्ञान’ हे इंग्रजी पुस्तक १९३३ साली निघाले, आणि अज्ञानाचे समर्थन आणि त्यावरचे आक्षेप दोन्ही त्यात शेजारी शेजारी आहेत. ‘गाढ झोपलो होतो, काही कळले नाही’ असे माणूस उठल्यावर म्हणतो. अद्वैती म्हणतो, ही आठवण आहे, तेव्हा झोपेतही अज्ञानाचा थेट अनुभव साक्षीला, म्हणजे आतल्या पाहणाऱ्या चैतन्याला, होता. नैयायिक म्हणतो, हे अनुमान आहे. शरीर ताजे आहे, मधला वेळ रिकामा आहे, त्यावरून तुम्ही ठरवलेत. मी इथे नैयायिकाकडे झुकतो. पण अनुमान करताना आपण काही पायऱ्या चढलो असे उठल्या उठल्या मुळीच वाटत नाही, हा अद्वैत्याचा आक्षेप मला अजून पुरता उडवून लावता आलेला नाही.

हा वाद पंडितांपुरता नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने तोंडी साक्ष थेटच असली पाहिजे असे घातले. पाहिलेल्या गोष्टीविषयी ज्याने पाहिले त्यानेच बोलायचे, ऐकीव चालणार नाही. त्याच कायद्याने त्या थेट पाहणाऱ्याची उलटतपासणी करण्याचा हक्क समोरच्या पक्षाला दिला. उजेड किती होता, अंतर किती होते, आरोपीला आधी ओळखत होतास का, हे सगळे त्याला विचारायचे. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या प्रकरणांपैकी जवळजवळ सत्तर टक्क्यांत प्रत्यक्षदर्शीने चुकीची ओळख पटवली होती, असे तिथल्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ची नोंद सांगते. त्या साक्षीदारांतले बहुतेक खोटे बोलत नव्हते. त्यांनी खरोखर पाहिले होते. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. साक्ष थेट हवी ही अट आणि उलटतपासणीचा हक्क, दोन्ही त्यात कायम आहेत.